शिळं पाणी

हंडा गळत नाही.

सकाळी आईने तो माळ्यावरून उतरवायला लावला. गोणपाट सोडलं, धूळ पुसली, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि ओट्यावर जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवला. "बघू तरी कुठे झिरपतो ते. ठाण्याला न्यायच्या आधी झाळून घेऊ," म्हणाली. आता दुपार कलायला लागली आहे. कागद कोरडा आहे. आई मधूनमधून स्वयंपाकघरात जाते, कागदावरून बोट फिरवते, बोटाकडे बघते आणि पुन्हा भांडी बांधायला बसते.

हंडा गळत नाही हे मला माहीत आहे. बाबांनी तो गळका ठरवला त्या दिवसापासून माहीत आहे. गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, बाबा गेले. आईने विचारलं तर उत्तर द्यायला आता मी एकटीच उरले आहे, आणि ते उत्तर आईला कधी देणार नाही असं मी बाबांना कबूल केलेलं आहे.

आमची डोंबिवलीची इमारत पाडून तिथे उंच इमारत उभी राहणार आहे. तोवर आई माझ्याकडे ठाण्याला राहील. घरातलं जवळपास सगळं खोक्यांत गेलं. बाहेरच्या खोलीत भिंतीलगतचा फिशटँक तेवढा अजून जागच्या जागी आहे. दिवा लागलेला आहे, पंपाचे बुडबुडे चालू आहेत. आत एकच मासा उरला आहे. नारिंगी अंग, त्यावर काळे रुंद पट्टे, तोंडाशी आखूड मिशा. मधला पट्टा पोटाशी तुटलेला. आई त्याला म्हातारा म्हणते. संध्याकाळी टेम्पोतून शेवटची खेप जाईल, तेव्हा त्यालाही न्यायचं आहे.

दुकानात या माशांना लोच म्हणतात. बाबांनी पहिल्यांदा ते आणले तेव्हा आई म्हणाली होती, "लोच कसले, लोचट दिसतायत. बघा कसे एकमेकांच्या अंगावर पडलेत." तसे ते पडतच. एका पोकळ लाकडात सगळे मिळून शिरायचे, जागा नसली तरी शिरायचे, आणि बाहेर नुसत्या शेपट्यांची रांग दिसायची. हे मासे एकटे राहत नाहीत, बाबा सांगत. एकटा ठेवला तर खात नाही, रंग उतरतो.

बाबा एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. घरी आले की त्यांच्या शर्टाला एक आंबूस, तिखट वास असायचा. आंघोळ करून, चहा घेऊन ते टँकसमोर खुर्ची ओढायचे आणि मग त्यांच्या अंगाला वास यायचा तो टँकचा. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, थोडासा पहिल्या नांगरटीसारखा. मला अजूनही हाच वास बाबांचा वाटतो.

वाळूसुद्धा त्यांना हवी तशीच लागायची. लोच तळाशी तोंड खुपसून जेवतात, दुकानातल्या टोकदार रंगीत खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही खडवलीला जायचो. तेव्हा भातसा नदीचं पाणी उतरलेलं असायचं. काठावर गुळगुळीत गोटे उघडे पडायचे आणि त्यांच्यामागे बारीक, मऊ वाळू साठलेली असायची. बाबा पँट दुमडून पाण्यात उभे राहत, मूठभर वाळू घेऊन माझ्या गालावर घासत. "टोचतं?" "नाही." "मग चालेल." कापडी पिशवीतून ती वाळू घरी यायची. लोकलमध्ये वाटभर पिशवी ठिबकायची आणि आजूबाजूचे लोक पाय आखडून घ्यायचे.

मग बाथरूममध्ये वाळू धुण्याचा सोहळा. बादलीत हात घालून ढवळायची, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा भरायची. गोटे उकळायचे असत, आणि एवढं मोठं भांडं घरात एकच होतं, जुना कुकर.

"आज काय, दगडांचं सार का?" आई विचारायची.

"फोडणी तू दे. तुझ्या हातची चव नाही येत."

"शेजारी विचारतात हो मला. तुमच्याकडे कुकरमधून खडखड आवाज कसला येतो म्हणून."

आम्ही मूळचे कोकणातले. बुधवारी आणि रविवारी घरात मासे असायचेच. बोंबील तळायला घेतले की बाबा उठून टँकवर टॉवेल टाकायचे. "नातेवाईक आहेत. वास ओळखतील," म्हणायचे. शेजारच्या सुलभाकाकू दर वेळी दारातून डोकावून विचारायच्या, "काय हो, कालवणाला कधी होणार हे?" आणि बाबा दर वेळी गंभीरपणे सांगायचे, "अजून कॉलेजात आहेत. नोकरीला लागू देत."

या माशांची एक खोड होती. ते कुशीवर झोपत. अगदी आडवे, कधी पाठीवरही, तोंड अर्धवट उघडं. पहिल्यांदा आईने ते पाहिलं तेव्हा ती किंचाळलीच. "अहो, मेला! या लवकर!" बाबांनी काचेवर एक टिचकी मारली. मासा उठला, नाराजीने एक फेरी मारली आणि पुन्हा आडवा झाला. "अगं, झोपलाय. त्यांची तऱ्हाच आहे ती. उगाच उठवत जाऊ नकोस." नंतर आईच पाहुण्यांना सांगायची, मोठ्या अधिकाराने. "घाबरू नका हां. आमचे झोपतात असे."

जेवताना ते आवाज करत. टक्. टक्. दाताने सुपारी फोडावी तसा बारीक, कोरडा. काकडीची चकती टाकली की खोलीभर टक्टक् व्हायची. आई भाजी निवडत असली तर मान वर करून म्हणायची, "बोलले."

पण पाण्यावरून घरात कायमचं भांडण होतं. नळाचं पाणी तसंच टँकमध्ये घातलं तर त्यातल्या औषधाने मासे मरतात, म्हणून बाबा ते बादल्यांतून दोन दिवस गॅलरीत ठेवत. आणि आमच्या घरात शिळं पाणी ठेवायची पद्धत नव्हती. आई रोज सकाळी पिण्याचं पाणी ओतून द्यायची, भांडं घासायची, ताजं भरायची. सुरुवातीला तर तिने बाबांच्या दोन बादल्या तुळशीला आणि शेवंतीला घालून टाकल्या. बाबा कामावरून आले तर बादल्या पालथ्या, धुतलेल्या.

"अगं, ते माशांचं होतं!"

"परवाचं होतं ते. मुके जीव आहेत म्हणून त्यांना शिळं पाजायचं का?"

तरी पाण्यात तिचा हात असायचाच. मे महिन्यात वीज जायची. पंप बंद पडला की घर एकदम ऐकू यायला लागायचं. भिंतीवरचं घड्याळ, खालच्या रस्त्यावरची रिक्षा. बुडबुडे थांबले की मासे वर येऊन तोंडं उघडत. मग आम्ही पाळी लावायचो. टँकमधूनच एक मग पाणी काढायचं आणि उंचावरून पुन्हा आत सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. बाबांचा हात लवकर दुखायचा, मला कंटाळा यायचा. आईला मात्र ते छान जमायचं. चहा गार करताना धार धरतात तशी ती लांब, न तुटणारी धार धरायची. अंधारात तिच्या बांगड्या वाजायच्या आणि पाणी पडायचं. ते आवाज एकत्र ऐकता ऐकता मी किती वेळा झोपले असेन.

हंडा आईच्या माहेरचा. लग्नात तिच्या आईने दिलेला, जाड तांब्याचा, गळ्याशी वेलबुट्टीची बारीक ओळ. आम्ही पिण्याचं पाणी त्यातच भरत असू.

त्या वर्षी बाबा कारखान्याच्या कामासाठी वापीला गेले होते. मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. जाताना ते सांगून गेले, रविवारी टँकमधलं थोडं पाणी बदला, बादलीतलं घाला. आईला ते थोडं आणि ते शिळं दोन्ही पटलं नसावं. बाबा येतील तेव्हा टँक कसा लख्ख दिसला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. तिने हंडा रिकामा केला. चिंचेने घासून लाल केला. बाहेरून आणि आतून. नळाचं पाणी भरलं, वर फडकं बांधलं आणि बाबांच्या नियमाप्रमाणे दोन दिवस ठेवलं. "तांब्यातलं पाणी शिळं होत नाही," ती मला म्हणाली. तिच्या आईने तिला हेच सांगितलं होतं. म्हणजे दोन्हीही झालं. पाणी दोन दिवसांचंही झालं आणि ताजंही राहिलं. रविवारी तिने अर्धा टँक उपसला आणि ते पाणी घातलं. काच आतून पुसली. खरंच, टँक इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. वाळूचा कण न् कण दिसत होता.

मी क्लासवरून आले तेव्हा आई टँकसमोर पाट टाकून मेथी निवडत बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. झोपलेत सगळे."

मी वाकून पाहिलं. वाळूवर सगळे कुशीवर पडले होते, एकाला लागून एक.

"पाणी आवडलं त्यांना," आई म्हणाली.

घरात मेथीचा वास होता. आईचा आवाज मुद्दाम खाली आणलेला होता, पाळण्याशी बोलतात तसा. ती अशी समाधानाने बसलेली मला फार आठवते.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. खांद्यावरची पिशवी न उतरवताच ते काचेपाशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. टिचकी मारली नाही. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्यावर हंडा पालथा घातलेला होता, झळझळीत. ते आत गेले, हंडा सरळ केला, आतून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. परत येईपर्यंत त्यांचा चेहरा ठरलेला होता.

"रोग आलाय," ते आईला म्हणाले. "मागच्या महिन्यात मी नवीन दोन आणले ना, त्यांच्याबरोबर आला असणार. आधी वेगळे ठेवायला हवे होते. माझंच चुकलं."

आई रडली. रोग म्हणूनही रडलीच. बाबांनी मासे एकेक करून काढले, कागदात गुंडाळले आणि खाली जास्वंदीच्या बुडाशी पुरले. एकाच्या कल्ल्यांची उघडझाप चालू होती. तुटक्या पट्ट्याचा, सगळ्यांत लहान. तो का राहिला, हे बाबांनाही कधी सांगता आलं नाही.

संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना ते मला म्हणाले, "तांबं सोसत नाही यांना. अंगावर खवल्यांचं कवच नसल्यासारखंच असतं. चिंचेने घासलं की तांबं आणखी सुटतं पाण्यात." मग एक शर्ट उगाच पुन्हा झटकला. "आईला बोलू नकोस. कळलं तर ती जन्मात पाण्याला हात लावणार नाही."

मी हो म्हटलं.

मग काही दिवसांनी हंडा गळायला लागला. "तळाशी बारीक भोक पडलंय गं," बाबा म्हणाले.

"कालपर्यंत तर नव्हतं."

"असं एका दिवसात थोडंच पडतं? कल्याणला जुन्या बाजारात तांबट आहे, त्याच्याकडे देतो."

हंडा गोणपाटात गेला, माळ्यावर गेला. स्टीलचं पिंप आलं. आई पाणी प्यायची आणि म्हणायची, "याला चव नाही." वर्षातून एकदोनदा विचारायची, "कल्याणला कधी जाणार आहात?" बाबा म्हणायचे, "बघू, दिवाळीनंतर."

त्यांनी दुसरे लोच आणले, त्या एकट्याला सोबत म्हणून. पण पाणी त्यांनी पूर्णपणे स्वतःच्या हातात घेतलं. बादल्या तेच भरत, तेच झाकत, तेच ओतत. गुडघे दुखायला लागले तरी तेच. वीज गेली तर आई मग घेऊन उठायची आणि बाबा घाईने म्हणायचे, "असू दे, असू दे, मी करतो." मग अंधारात त्यांची धार ऐकू यायची, तुटक, थांबत थांबत. बांगड्यांचा आवाज त्यात नसायचा.

एकदा त्यांना ताप होता आणि आईने भरलेली बादली उचलली. बाबा अंथरुणातून उठून आले आणि तिच्या हातून त्यांनी ती काढून घेतली.

"माझ्या हाताला काय विष आहे का हो?" आई म्हणाली. चिडून, पण हसतसुद्धा होती.

बाबांनी बादली गॅलरीत ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी पुस्तकात डोकं घातलं. नंतर तिने बादलीला हात लावला नाही. टँकसमोर पाट टाकून बसणंही हळूहळू बंद झालं. भाजी ती आत ओट्याशी निवडायला लागली.

वर्षं गेली. मी ठाण्याला राहायला गेले. नंतर आणलेले मासे एकेक करून संपले, कुणी रोगाने, कुणी झाकण उघडं राहिलं तेव्हा उडी मारून. म्हातारा राहिला. बाबांचं शेवटचं आजारपण ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये गेलं. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न असायचा, "पाणी बदललंस?" मी हो म्हणायचे. मग ते डोळे मिटायचे. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा ताकद उरलेली नसायची.

ते गेल्यावरही दर रविवारी मी डोंबिवलीला येऊन पाणी बदलत राहिले. आई सोफ्यावर बसून बघायची. काकडीची चकती मात्र तीच टाकायची, दोन बोटांत धरून, पाण्याला बोट लागू न देता. एकटा असूनही तो खायचा. टक्. "बोलला," आई म्हणायची, आणि खोलीत पुन्हा नुसते बुडबुडे.

"गळत नाही गं हा."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. हातात कोरडा कागद.

"नाही," मी म्हणते.

"कधीच गळत नव्हता?"

हातातली सुतळी मी खाली ठेवते. सांगायला वाटलं होतं तेवढे शब्द लागत नाहीत. तांबं, चिंच, पाणी, बाबांचं बोट. आई एका खोक्यावर बसते.

"सगळे?"

"एक सोडून."

ती टँककडे बघते. "आणि मी म्हणत होते, झोपलेत."

पंप चालू आहे. खालून हातोड्याचे आवाज येतायत. कुणीतरी रिकाम्या घराच्या खिडक्या काढतंय.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"दोघांनी मिळून," आई म्हणते. "छान."

ती कागदाची घडी घालते, आणखी एक घालते, आता घडी पडत नाही तरी दाबत राहते.

"मला वाटायचं, माझं काही पटेनासं झालंय त्यांना. पाणी तर सोड. एवढ्याशा कामातही नको वाटते मी. इतकी वर्षं तेच वाटायचं."

"त्यांना वाटलं, तुला सोसणार नाही."

"नसतंच सोसलं. रडले असते चार दिवस." ती माझ्याकडे बघते. "मग उठून पाणी भरलं असतं ना गं."

मी सुतळी पुन्हा उचलते.

टेम्पो येतो. खोकी खाली जायला लागतात. मी झाकणाच्या बादलीत टँकमधलंच पाणी भरते. जाळी वापरता येत नाही. या माशांच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो, तो जाळीत अडकतो. बाबा आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरत आणि हाताने माशाला हळूहळू आत वळवत. मी बाह्या सारते.

"सरक," आई म्हणते.

ती टँकसमोर उभी राहते, हात उचलते आणि थांबते. मनगटाकडे बघते.

"सोन्यात तांबं घालतात ना गं?"

"थोडंसं असतं. त्याने काही होत नाही, आई."

"असतं ना?"

ती पाटल्या काढायला लागते. बाबा गेले त्या दिवशी आत्याने सुचवून पाहिलं होतं, तेव्हा आईने त्या काढल्या नव्हत्या, आणि कुणी पुन्हा विषयही काढला नव्हता. आता हाताची हाडं रुंदावली आहेत. पाटली अंगठ्याच्या मुळाशी अडते.

"साबण लावू या?"

"नको. पाण्यात जाईल."

ती दात ओठांवर दाबून ओढत राहते. एक निघते, मग दुसरी. कातडी लाल होते, आणि त्याखाली मनगटाभोवती एक गोरा, मऊ पट्टा दिसतो, ऊन न लागलेला. पाटल्या ती माझ्या हातात देते. त्या गरम आहेत.

मग तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात जातो. म्हातारा लाकडामागे सरकतो. आई हात हलवत नाही. थोड्या वेळाने तो बाहेर येतो, वाळूवरून येतो, तिच्या बोटांपाशी थांबतो आणि मिशा लावून एकेक बोट तपासतो.

"गुदगुल्या करतोय गं," आई म्हणते. तिचे डोळे वाहतायत आणि ते पुसायला हात मोकळा नाही. दुसऱ्या हाताने तिने काचेची कड धरली आहे.

मी डबा पुढे करते. ती घेत नाही.

खालून टेम्पोवाला हाक मारतो. "येतो म्हणावं," आई म्हणते, आणि हात तसाच पाण्यात राहू देते.